काळूनानांची तीन कार्डं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आई-बाबांच्याही आधी एक नाव घेतो. त्यात आई-बाबांचा अपमान होत नाही, कारण ते दोघंही हेच नाव घेतात. काळूराम. भिवंडीजवळ पूर्ण्याला आमचं जे गोदाम आहे, त्याच्या गेटावरचे काळूनाना. आणि याच माणसानं पहिल्या भेटीत मला चोर समजून गेटाबाहेर उभं केलं होतं.

बारावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. बाबा त्या गोदामात हमाल होते. पोती वाहून त्यांची कंबर गेली होती आणि डॉक्टरांनी वजन उचलायला साफ मनाई केली होती. हमालांच्या टोळीत रीत अशी, की बापाची जागा रिकामी झाली तर आठ दिवसांत मुलानं येऊन उभं राहायचं, नाहीतर मुकादम ती दुसऱ्याला देतो. म्हणून मी आईनं धुतलेला शर्ट घालून सकाळी गेटावर गेलो. खुर्चीवर एक बारीक, काळासावळा माणूस बसला होता. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तो माझ्या पायांकडे बघत होता.

"हमालाच्या पायात धुतलेली चप्पल?" तो म्हणाला. "कोनी पाठवला तुना?"

मी बाबांचं नाव सांगितलं. ते त्याला पटलं नाही. कुणाचंही नाव कुणीही सांगतो, म्हणाला. वय किती, पुरावा काय. वयाचा पुरावा म्हणून मी खिशात बारावीची गुणपत्रिका ठेवली होती, ती दिली. नानांनी ती उन्हात धरली, मागून पाहिली, शिक्क्यावर नख घासून पाहिलं. मग एकेका विषयाचे गुण ओठ हलवत वाचले.

"यो कागद खरा हाय?"

"हो."

"मंग तू हितं कनाला आलास? खरा कागद असलेला मानूस हितं येत न्हाय."

त्या दिवशी त्यांनी माझं नाव रजिस्टरात लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. रोज काहीतरी कारण: फोटो नाही, सही जुळत नाही, मुकादमाची चिठ्ठी संशयास्पद आहे. आठवडा उलटला आणि जागा दुसऱ्याला गेली. बाबा वाकलेल्या कमरेनं भांडायला गेटावर आले. नानांनी त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभं राहून त्यांच्या शिव्या ऐकून घेतल्या. मग म्हणाले, "कालेजात काय हाय ते मना मायती न्हाय. हितं काय हाय ते मना मायती हाय. पोऱ्याला तिकडं घाल."

तेवढं बोलून ते थांबले असते, तर आम्ही त्यांना जन्मभर वाईटच म्हटलं असतं. पण त्यांनी गोदामाच्या मालकाकडे तक्रार केली, की गेटावर एकटा माणूस पुरत नाही, ट्रकमधून उतरणारी पोती मोजायला कोणी नसल्यामुळे चोरी होते. चोरी खरोखर होत होती की नाही, मला आजही माहीत नाही. पण पोती मोजायला स्टुलावर बसणारा एक माणूस ठेवायचं ठरलं, आणि तो माणूस म्हणजे माझे बाबा. त्या स्टुलावर बसून त्यांनी माझी तीन वर्षं काढली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो असा.

दर वर्षी निकाल लागला की तो आधी गेटावर न्यायचा, हा नियम नानांनीच घालून दिला होता. ते माझं कौतुक करण्यासाठी तो मागत नसत, तपासण्यासाठी मागत. पहिल्या वर्षी म्हणाले, "कालेजचा शिक्का गोल, युनवर्सिटीचा पन गोल. दोन गोल शिक्कं एका कागदावर. नीट बघाया पायजे." बी. कॉम.ची पदवी घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ती प्लास्टिकमधून बाहेर काढायला लावली, कारण प्लास्टिकमधून कुठलाही कागद चांगलाच दिसतो. बराच वेळ पाहून त्यांनी ती परत दिली आणि म्हणाले, "बरा वाटतंय." नानांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कोणी ऐकली नव्हती.

नानांचा कशावरही विश्वास नव्हता. गोड बोलणाऱ्या ड्रायव्हरची गाडी ते दोनदा तपासत. दिवाळीला ट्रान्सपोर्टवाल्यांनी दिलेली मिठाई ते गेटावरच्या कुत्र्यालाही घालत नसत, कुत्रा त्यांच्या ओळखीचा होतो आणि मग भुंकत नाही म्हणून. मोबाइल होता, पण त्यावर आलेला कुठलाही आकडा ते कोणाला वाचून दाखवत नसत, मुलीलाही नाही. "जो हसत येतो त्याचा शिक्का आधी बघायचा," असं ते गेटावर नव्यानं लागणाऱ्या प्रत्येकाला सांगत. राहनाळच्या बाजूला खाडीलगत त्यांच्या वाडवडिलांची भातशेती होती. ती कोणत्या कागदावर कोणाचा अंगठा घेऊन गेली, हे सांगताना त्यांचा आवाज चढत नसे. तिथं आता पत्र्याची लांबच लांब गोदामं आहेत. नाना एवढंच म्हणत, "बापानं कागद वाचला न्हाय. मी वाचतंय."

पुढे गोदाम एका मोठ्या कंपनीनं घेतलं आणि मला तिथंच हजेरीच्या खात्यात नोकरी लागली. गेटावरच्या आणि माल भरण्याच्या कामाच्या बारा माणसांना कंपनीनं ठेकेदाराकडून काढून आपल्याकडे घेतलं. त्यांचे कामगार विम्याचे फॉर्म मी भरले. हा सरकारी विमा. पगारातून थोडा हिस्सा कापला जातो, थोडा मालक भरतो, आणि कामगाराला व त्याच्या कुटुंबाला दवाखाना, औषधं, ऑपरेशन मिळतं. फॉर्मवर एक रकाना होता: पूर्वीचा विमा क्रमांक असल्यास लिहा. मी एकेकाला विचारत गेलो. जुना नंबर? न्हाय. जुना नंबर? नहीं है. काळूनानांनीही न्हाय म्हटलं. मी बाराही फॉर्मवर 'नाही' लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. सगळे 'नाही' एकसारखे आले होते.

त्यानंतर तीन वर्षांनी नानांची अठ्ठावन्न वर्षं भरत आली. निवृत्तीला सहा महिने राहिले असताना अनुसयाकाकी, म्हणजे त्यांची बायको, घराच्या तीन पायऱ्या चढून खाली बसल्या. त्यांना श्वास पुरेना. तपासणीत निघालं, की हृदयाची एक झडप खराब झाली आहे आणि ती बदलावी लागेल. विम्याच्या दवाखान्यानं मोठ्या रुग्णालयाकडे कागद पाठवले. तिथं रांग होती. काकींचा नंबर लागणार होता तो जवळजवळ सव्वा वर्षानं, नानांच्या निवृत्तीनंतर. नोकरी संपल्यावर विम्याचं कार्ड काही महिने चालतं, मग बंद होतं. दुसऱ्या सरकारी योजनेचं कार्ड काढायचं तर रेशनकार्ड लागत होतं. ते भावाकडे होतं, आणि भावाशी नानांचं बोलणं जमीन गेल्यापासून बंद होतं.

एक वाट मात्र होती. निवृत्त होताना ज्याची विम्यातली पाच वर्षं भरलेली असतात, त्याला पुढेही स्वतःसाठी आणि बायकोसाठी विमा चालू ठेवता येतो. वर्षाला अगदी किरकोळ रक्कम भरायची. हे मी नानांना सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे मान तिरकी करून बघत राहिले.

"येवढ्याशा पैशात कालजाचं आपरेशन?"

"हो, नाना. नियमच आहे."

"स्वस्त कागद म्हंजे आत काय तरी हाय," ते म्हणाले आणि एका टेम्पोकडे निघून गेले.

पण अडचण त्यांच्या संशयाची नव्हती. अडचण माझ्या संगणकावर होती. नानांच्या नंबरावर निवृत्तीपर्यंतची धरूनही जेमतेम साडेतीन वर्षं होत होती. त्याआधी ते त्याच गेटावर ठेकेदाराच्या हाताखाली कितीतरी वर्षं होते, पण विम्याच्या हिशेबी ती नव्हतीच. साडेतीन वर्षांवर निवृत्त झाले तर वाट बंद. काकींची झडपही तशीच राहणार. मी नियम पुन्हा पुन्हा वाचला. त्यात कुठेही फट नव्हती.

फट सापडली ती विम्याच्या दवाखान्यात. काकींना तपासणीला न्यायचं होतं आणि नानांना सुट्टी नव्हती, म्हणून मी गेलो. रांगेत बसल्या बसल्या काकींनी कार्डावरचा दोघांचा फोटो माझ्यापुढे धरला. "यो तिसरा फोटू हाय आमचा," त्या म्हणाल्या. "पयल्यात मी कवढी जाड व्हती, बघशील तं हसशील."

मी विचारलं, तिसरा म्हणजे? काकी सरळ बाई. ठेकेदार बदलला की दर वेळी जोडीनं फोटो काढून न्यायला लागायचा, असं त्यांनी सांगितलं. कार्डावर लावायला. पहिल्या फोटोसाठी त्यांनी जावेची साडी मागून आणली होती.

परत येताना रिक्षात मी हिशेब जुळवत होतो. दर ठेकेदारानं नवं कार्ड काढलं होतं, म्हणजे नवा नंबर. म्हणजे नानांची वर्षं कुठे गेली नव्हती, ती वेगवेगळ्या नंबरांखाली पडून होती. आणि मी विचारलं होतं, जुना नंबर? आणि नाना म्हणाले होते, न्हाय. ऑफिसात जाऊन मी ते बारा फॉर्म काढले. एका माणसाचा जुना नंबर नसेल, दोघांचा नसेल. पण बाराच्या बारा जण इतकी वर्षं काम करून कोरे कसे? हा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्याच अक्षराचा संशय आला.

संध्याकाळी मी नानांच्या घरी गेलो. काकींनी चहा ठेवला. मी सरळ विचारलं, नाना, जुनी कार्डं कुठे आहेत. नाना म्हणाले, कसली कार्डं. मी फोटोचं सांगितलं. त्यांनी काकींकडे असं पाहिलं, की त्या चहा गाळायला आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

"तुना कोनी पाठवला?"

तोच प्रश्न. पण पहिल्या वेळी मी अनोळखी पोरगा होतो. मी म्हणालो, कोणी नाही, मी माझा आलो.

"तू आता आफिसचा हाय," नाना म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यामुळे ते जास्त लागलं. "आफिसचा मानूस आपला आपला येत न्हाय."

मी पाऊण तास समजावत होतो. नियम सांगितला, काकींचं सांगितलं. हळूहळू मुद्दा बाहेर आला. दुसरा ठेकेदार आला तेव्हा एका माणसानं जुना नंबर असल्याचं सांगितलं होतं. मुकादम त्याला म्हणाला होता, "पुराना नंबर है तो पुराने सेठ के पास जा." त्याला कामावरून काढलं. तेव्हापासून गेटावर आणि गोदामात एक अलिखित शिस्त होती. नवा मालक आला की आपण नवे. कोणी काहीही विचारलं तरी जुनं काही नाही. ठेकेदाराला तेच हवं होतं. माणूस सतत नवा राहिला की त्याची वर्षं साठत नाहीत. आणि आमची माणसं नोकरी वाचवायला स्वतःच्या तोंडानं स्वतःची वर्षं पुसत होती. नव्यानं येणाऱ्याला ही शिस्त शिकवणारे नाना. मीही त्यांचाच शिष्य, पण मला ती सांगायची गरज त्यांना वाटली नव्हती. मी ऑफिसात होतो.

"जुना दाखवला का नवा बाद," नाना म्हणाले. "मंग हाय ते औशद पन बंद. हाय तोवर तं मिलतंय तिला."

त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. शब्दावर ते विश्वास ठेवणार नव्हते, माझ्या तर नाहीच. मग मी बॅगेतून कोरा कागद काढला आणि लिहिलं, की काळूराम यांच्या फॉर्मवर पूर्वीचा विमा क्रमांक 'नाही' असं मी लिहिलं. त्यांच्याकडे जुनी कार्डं आहेत का, ते न तपासता लिहिलं. ही चूक माझी आहे, त्यांची नाही. या कारणानं त्यांचं चालू कार्ड रद्द झालं तर जबाबदार मी. खाली नाव, हुद्दा, सही, तारीख. नानांच्या हातात दिला. म्हटलं, हा तुमच्याकडे राहू द्या. कार्ड बाद झालं तर साहेबांना दाखवा, माझी नोकरी जाईल.

नानांनी तो उजेडात धरला. दोनदा वाचला.

"शिक्का न्हाय."

"शिक्का उद्या आणतो."

"नको," ते म्हणाले. "बिनशिक्क्याचा बरा हाय. शिक्का मारायला तुना आफिसात कोनाला तरी सांगाया लागंल."

ते उठले. फळीवरून गेटावरची जुनी तीन सेलची टॉर्च काढली आणि तिचं झाकण फिरवलं. आत सेल नव्हते. गुंडाळी करून घातलेले दोन कागद होते, एकात एक. चालू कार्ड खिशात आणि जुनी दोन टॉर्चमध्ये. काकी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनाही ती जागा माहीत नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं विम्याच्या शाखेत गेलो. खिडकीमागे एक बाई होत्या. नानांनी आधी त्यांचं नाव विचारलं, मग त्या कायमच्या नोकरीत आहेत का तेही विचारलं. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. पण त्या म्हणाल्या, "आजोबा, सव्वीस वर्षं झाली मला इथं. बसा." दुसरं कार्ड त्यांनी संगणकात शोधलं. निघालं, जवळजवळ तीन वर्षांचे हप्ते भरलेले होते. चालू नंबराची साडेतीन आणि ही तीन, पाचाच्या पुढे गेलं. मग त्यांनी पहिलं कार्ड घेतलं. बराच वेळ काहीतरी बडवत राहिल्या आणि म्हणाल्या, या नंबरावर दुसऱ्याच गावचा दुसराच माणूस आहे. हे कार्ड खोटं आहे. पहिल्या ठेकेदारानं पैसे कापले होते, भरले कधीच नव्हते.

मला वाटलं नाना संतापतील. ते माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं म्हटलं तर खोटं नाही.

"बग," ते म्हणाले. "तू बोलत व्हतास, सगल्यावर कनाला संशय घेता."

बाईंनी ते खोटं कार्ड बाजूला ठेवलं. नानांनी हात पुढे केला. बाई म्हणाल्या, हे तुमच्या काही कामाचं नाही, नंबर खोटा आहे.

"फोटू खरा हाय," नाना म्हणाले.

काकी जावेच्या साडीत, खरंच जाड, कॅमेऱ्याकडे घाबरून बघत होत्या. बाईंनी त्या कार्डाची झेरॉक्स काढून घेतली आणि कार्ड परत दिलं.

दोन नंबर एकत्र करायला कंपनीचं पत्र लागलं. ते मागायला मी साहेबांकडे गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, हे उकरून काढायला तुला कोणी सांगितलं. मी म्हणालो, चूक माझ्या हातची आहे. पत्र मिळालं, पण पुढचा महिनाभर शिपाई माझ्या टेबलाकडे येताना दिसला की मी आधी त्याच्या हातात लिफाफा आहे का ते बघायचो. नानांबरोबर कायम राहिलेल्या त्या भीतीची मला थोडी चव कळली. माणूस उगाच संशयी होत नाही.

निवृत्तीच्या आधी वीस दिवस दोन्ही नंबर एक झाले. निवृत्त झाल्यावर पुढच्या विम्याचा फॉर्मही भरला. सही करण्याआधी नानांनी तो मला मोठ्यानं वाचायला लावला आणि मी वाचत असताना काकींना तो डोळ्यांनी तपासायला सांगितला. काकींना वाचता येत नाही.

आठ महिन्यांनी ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी मी रुग्णालयात गेलो तर नाना डॉक्टरांकडे एकच मागणी करत होते, काढलेली झडप दाखवा. नवी बसवली याला पुरावा काय? टाके कुणीही घालतं. तरुण डॉक्टर आधी हसला, मग चिडला, मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं नानांना काकींच्या खाटेजवळ नेलं आणि छातीजवळ कान न्यायला सांगितलं. धातूची झडप असते, शांत असलं की ऐकू येते, म्हणाला. नाना लाजले. सगळा वॉर्ड बघत होता. काकींनी डोळे मिटून घेतले. नानांनी वाकून कान लावला आणि तसेच राहिले. किती वेळ ते मी सांगत नाही. उठले तेव्हा त्यांनी डॉक्टरकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"हाय," ते म्हणाले. "आत हाय. चालतंय."

आता ते दोघं अकलोलीला मुलीकडे राहतात. काकी दर महिन्याला रक्ततपासणीला जातात, गोळ्या नाना मोजून देतात. फोन ते उचलत नाहीत. माझा आवाज काढून कोणीही बोलेल, असं त्यांचं म्हणणं आहे. म्हणून काही सांगायचं असलं की मी पत्र लिहितो. गेल्या आठवड्यात जे लिहिलं, ते असं:

आदरणीय नाना व अनुसयाकाकी यांना सविनय जय भीम आणि नमस्कार.

पत्र माझंच आहे. अक्षर ओळखाल. इकडे सर्व ठीक. बाबांची कंबर थंडीत दुखते, तुमची आठवण काढतात.

नाना, बारा फॉर्ममधला एक आपण दुरुस्त केला. अकरा राहिले आहेत. सगळे माझ्या हातचे. रविवारी मी बाकीच्यांना कँटीनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, की जुनी कार्डं आणा, तुमची वर्षं वाया जात आहेत, नानांचं काम झालं. फिरोजभाई म्हणाले, "नाना का काम हुआ, ये तुम बोल रहे हो. नाना बोले क्या?" मी तुमच्या कार्डाची झेरॉक्स दाखवली. बाळूदादा म्हणाला, झेरॉक्स कोनीपन काढतंय. मग सगळे उठून गेले.

मी त्यांच्यावर रागावलो नाही. हे बोलणं त्यांनी कोणाकडून घेतलं ते मला माहीत आहे.

माझ्या शब्दावर ते विश्वास ठेवणार नाहीत. ठेवूही नये, मी ऑफिसचा आहे. पण तुम्ही कोणावरच विश्वास ठेवत नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणून तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील. दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाहीत. तेव्हा एक दिवस इकडे या. मी रजा काढून न्यायला येईन. गाडीचं नको असेल तर बसनं येऊ. आत यायची गरज नाही, शिफ्ट सुटताना गेटाबाहेर उभे राहिलात तरी चालेल. कार्ड बाद होत नाही एवढंच सांगा. आणि पहिल्या ठेकेदाराचं कार्ड खोटं निघालं तेही सांगा, लपवू नका, नाहीतर त्यांना खोटं वाटेल.

काकींच्या तपासणीचा दिवस सोडून दुसरा कुठलाही दिवस ठरवा.

बाळूदादाला निवृत्तीला चार महिने आहेत. त्याच्या घरी काय आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अकरा कोरे फॉर्म मी काढून ठेवले आहेत. नावं लिहिली, पत्ते लिहिले. जुन्या नंबराच्या रकान्यात या वेळी मी काहीही लिहिलेलं नाही.

तुमचा,
सिद्धार्थ